उत्तर काठचा दगड

त्या राज्यात लिहिता सगळ्यांना येत होतं. वाचण्याचं काम मात्र एकट्या कोल्ह्याकडे होतं.

राज्य म्हणजे एक मोठं तळं आणि त्याच्याभोवतीचं माळरान. तळ्याच्या उत्तर काठावर एक उभा दगड होता आणि त्यावर फार पूर्वी कुणीतरी दोन ओळी कोरून ठेवल्या होत्या. दर पौर्णिमेच्या सकाळी सारे प्राणी दगडासमोर जमत. कोल्ह्याला सगळे वाचकराव म्हणत. ते दगडावर चढत, घसा साफ करत आणि खणखणीत आवाजात वाचत, "उत्तर काठ बंद आहे. लहानांनी मोठ्यांपासून लांब राहावं."

बंद कुणाला, हे त्यात नव्हतं. पण गव्यांना आणि सांबरांना अडवणार कोण, तेव्हा तो लहानांनाच बंद असणार, असं सर्वांनी धरून टाकलं होतं. वाचन संपलं की मोठी जनावरं उत्तर काठावर पाण्यात उतरत आणि ससे, उंदीर, तितर, काटेरी शेळू दक्षिणेकडच्या डबक्याची वाट धरत. यात कुणाला अन्याय वाटत नसे. लिहिलेलंच तसं होतं.

शाळा एका कललेल्या कातळाखाली भरत असे. तिथे ओल्या चिकणमातीची जमीन होती आणि करकोचे गुरुजी होते. त्यांच्या हाताखालून तीन पिढ्या गेल्या होत्या. शिकवण्याची रीत ठरलेली होती. एकूण खुणा छत्तीस. पहिली खूण मातीत शंभरदा काढायची. ओळ सरळ आली की दुसरी खूण. काढताना छत्तीस खुणांचं गाणं म्हणायचं. मधलीच एखादी खूण विचारली तर पोरं गाणं पहिल्यापासून सुरू करत आणि त्या खुणेवर न थांबता पुढे निघून जात. गुरुजी त्याला फार महत्त्व देत नसत. ते मान वाकवून, एक डोळा मिटून ओळीकडे पाहत. ओळ सरळ असली की म्हणत, "उत्तम."

गुरुजींचे गुडघे दुखू लागले, तेव्हा ओढ्यापलीकडून मदतीला घोरपडबाई आल्या.

पहिल्या दिवशी पालक जरा धास्तावलेच होते. तितरीण तर शाळा सुटेपर्यंत कातळावर बसून राहिली आणि आपली पिल्लं दोनदा मोजून घेऊन गेली. बाईंनी वाईट वाटून घेतलं नाही. त्या आपला डबा घरून आणत आणि सर्वांसमोर उघडून खात. त्यांच्यात खोड एकच होती. ऊन पाठीवर येऊन अंग तापल्याशिवाय त्यांना बोलताच येत नसे, त्यामुळे त्यांचा वर्ग उशिरा सुरू होई. पण एकदा त्यांनी काही धरलं की सोडण्याची त्यांची जातच नव्हती.

पहिल्या रांगेत लवंगी नावाची सशाची मुलगी बसायची. तिच्या ओळी शाळेत सर्वांत सरळ. बाई तिच्याजवळ आल्या आणि त्यांनी विचारलं, "काय लिहिलंस?"

"ओळ."

"ओळीत काय आहे?"

लवंगीला प्रश्न समजला नाही. तिने पुन्हा ओळीकडे पाहिलं. "सरळ आहे, बाई."

बाईंनी तिच्या ओळीशेजारी नखाने एकच खूण काढली. "ही कुणाची?"

लवंगीने गाणं सुरू केलं. बाईंनी तिला थांबवलं नाही. गाणं त्या खुणेपाशी आलं तेव्हा मात्र त्यांनी शेपटी जमिनीवर आपटली. लवंगीच्या तोंडात तेव्हा नुसता 'ल' होता.

"कुणाच्या नावात येतो हा?"

लवंगीने स्वतःकडे बोट केलं आणि ती इतकी हसली की तिचे कान मागे पडले. त्या दिवशी तिने शंभर खुणा काढल्या नाहीत. ती एकाच 'ल'भोवती फिरत राहिली आणि घरी जाताना त्याच्यावर कुणी पाय देऊ नये म्हणून तिने भोवती खडे मांडले.

पुढे बाईंनी गाणं मोडायला सुरुवात केली. ज्याच्या नावात जी खूण, ती त्याने सांभाळायची. मग दोघांनी शेजारी उभं राहून आपापल्या खुणा जोडायच्या आणि काय होतं ते मोठ्याने म्हणायचं. पोरांना त्याचं वेड लागलं. महिन्याभरात ती एकमेकांना मातीत निरोप लिहू लागली. 'ये.' 'नको.' 'माझं पान दे.' वर्गात गेंदू नावाचा एक शेळू होता. त्याच्या काट्यांमुळे त्याच्या दोन्ही बाजूंना नेहमी जागा मोकळी असायची आणि तो कधी काही बोलत नसे. एका सकाळी त्याच्या जागेसमोर वाकड्या खुणांत लिहिलेलं सापडलं, 'माझ्या शेजारी बसा. मी काटे मिटून घेतो.'

ते सर्वांत आधी लवंगीने वाचलं आणि ती आपलं दप्तर उचलून तिकडे गेली.

करकोचे गुरुजींना हे रुचलं नाही. "बाई, खुणांचा आकार बिघडलाय," ते म्हणाले. "ओळी बघा, सापासारख्या चालल्यात. वाचकराव तपासणीला येतील, त्यांना काय दाखवू?"

"हेच दाखवा. वाचून बघू देत."

वाचकराव आले. मातीवरून सावकाश फिरले. गेंदूच्या ओळीपाशी थांबले, मान डोलावली आणि म्हणाले, "अक्षर सुधारायला हवं." मग तोंड फिरवून लगेच निघाले. जे वाचून वर्गातल्या पोरांना हुंदका आला होता, ते वाचूनही त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती. घोरपडबाईंनी ते पाहून ठेवलं.

त्या वर्षी उन्हाळा लांबला. दक्षिणेकडचं डबकं आटत गेलं आणि उरल्या पाण्याला वास येऊ लागला. सशांच्या वस्तीत पोटाचा आजार शिरला. लवंगीचं धाकटं भावंड तीन दिवसांपासून डोळे उघडत नव्हतं. समोर भरलेलं तळं होतं, त्याच्यावरून येणारा गार वारा बिळापर्यंत पोचत होता. पण तिकडे जाण्याचं धाडस कुणी केलं नाही.

लवंगी मात्र गेली. पाण्यापर्यंत नाही, दगडापर्यंत. असं कठोर कुणी का लिहिलं असेल, ते तिला स्वतः पाहायचं होतं. भर दुपारी दगडासमोर बसून ती एकेका शब्दावर पंजा ठेवू लागली. 'उत्तर.' बरोबर. 'काठ.' बरोबर. तिसरा शब्द 'बंद' असायला हवा होता. त्याच्या शेवटी 'ल' होता.

ती धावत शाळेत आली. "बाई, 'बंद'मध्ये माझा ल नाहीच. मग तो तिथे काय करतोय?"

बाईंचं अंग तापलेलंच होतं, तरी त्यांनी उत्तर सांगितलं नाही. वर्गातल्या एकेकाला त्यांनी तो शब्द वाचायला वेगवेगळं दगडाकडे पाठवलं आणि परत आल्यावर कानात सांगायला लावलं. अकरा जण गेले. अकरा जणांनी तेच सांगितलं.

पौर्णिमेच्या सकाळी वाचकराव दगडावर चढले. त्यांनी घसा साफ केला. "उत्तर काठ बंद आहे..."

"वाचकराव काका," खालून आवाज आला, "तिथे 'बंद' नाहीये. 'खोल' आहे."

सगळ्या माना वळल्या. लवंगीच्या आईने तिला मागे ओढायला हात पुढे केला. पण मग घरात पडलेलं पोर तिला आठवलं असावं. तो हात तिने लवंगीच्या पाठीवर ठेवला.

"पोरी, मला शिकवतेस?" वाचकराव म्हणाले. आवाज अजून खणखणीत होता.

"नाही काका. तुम्हीच वाचा ना. उत्तर, काठ, आणि मग?"

वाचकराव दगडावरून उतरले. त्यांनी त्या शब्दाकडे पाहिलं. पाहतच राहिले.  अखेर त्यांनी अगदी हळू विचारलं, "कुठला शब्द?"

कुणी हसलं नाही. त्यांच्या तोंडावर ते कुणाला जमलं नसतं.

"मला वडिलांनी पाठ करून दिलं," ते म्हणाले. "त्यांना त्यांच्या वडिलांनी. मी एक शब्दही कधी इकडचा तिकडे केला नाही. वाटल्यास..." आणि ते दगडासमोरून बाजूला झाले.

तेव्हा करकोचे गुरुजी गर्दीतून पुढे आले. दुखऱ्या पायांवर ते दगडासमोर उभे राहिले, सवयीने मान वाकवली, एक डोळा मिटला. मग तोही डोळा उघडला. आयुष्यभर शिकवलेल्या खुणा त्यांनी चोचीच्या टोकाने एकेक करून जोडायला घेतल्या आणि लहान पोरासारख्या तुटक आवाजात ते वाचू लागले.

"उत्तर काठ... खोल आहे. लहानांनी... मोठ्यां... सोबत यावं."

दुसरी ओळ संपली तरी ते मागे सरले नाहीत. "इतकी सरळ ओळ आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "मी तेवढंच बघत आलो."

गव्यांचा म्होरक्या गुरगुरला, "म्हणजे ही सगळी आता आमच्या पायांत येणार? कुणी चिरडलं म्हणजे?"

"म्हणून तर सोबत न्यायला सांगितलंय," लवंगीची आई म्हणाली. ती आजवर गव्याशी कधी बोलली नव्हती. "लिहिलंय ते. हवं तर वाचून घ्या."

म्होरक्याने दगडाकडे पाहिलं. तो वाचू शकत नव्हता, पण अकरा पोरं वाचू शकत होती आणि ती सगळी त्याच्याकडेच पाहत होती. तो सावकाश पाण्यात उतरला, खोल पाण्याच्या कडेला आडवा उभा राहिला आणि म्हणाला, "या. माझ्या पलीकडे जायचं नाही." त्या सकाळी सशांनी प्यालेलं पाणी इतकं स्वच्छ होतं की त्यात त्यांना आपली तोंडं दिसली. लवंगीच्या आईने पानाच्या द्रोणात घरी पाणी नेलं. त्यानंतर चौथ्या दिवशी धाकट्याने डोळे उघडले आणि उठून खायला मागितलं.

शाळेत आता गर्दी होऊ लागली. सकाळी पोरं आणि ऊन उतरल्यावर त्यांच्या आया बसत, पुढे गव्यांचा म्होरक्याही येऊ लागला. वाचकराव पहिल्या दिवशी कातळाच्या बाहेरच घुटमळले. गुरुजी स्वतः जाऊन त्यांना आत घेऊन आले, कारण गुरुजींनाही रोजचा सराव हवा होता आणि एकट्याने चुकायला त्यांना संकोच वाटत होता.

पाऊसकाळ येऊन गेला. ओढ्याचा गाळ वाहून आला आणि उत्तर काठाची डावी बाजू भरून निघाली. पोरांच्या ते लक्षात आलं. गुरुजींनी पाण्यात उभं राहून आपल्या पायांनी खोली मोजली. पाणी त्यांच्या पहिल्या सांध्यापर्यंतसुद्धा पोचत नव्हतं. तिथे उंदराचं पोरही एकटं जाऊ शकलं असतं.

"बाई, मग दगडावरचं चुकलं?" लवंगीने विचारलं.

"तेव्हा चुकलं नव्हतं."

"आणि आता?"

"आता काय करायचं ते तुम्ही सांगा."

गेंदू म्हणाला, "लिहायचं. पण दगडावर?"

"दगडावरसुद्धा कुणीतरी लिहिलंच होतं ना," घोरपडबाई म्हणाल्या आणि उन्हाकडे पाठ करून डोळे मिटून बसल्या.

पोरांनी गारगोट्या आणल्या. चार दिवस आळीपाळीने कोरत होती. कुठे किती जागा लागेल याचा कुणी हिशेब केला नाही.

पुढच्या पौर्णिमेला दगडावर कुणी चढलं नाही. वरच्या दोन सरळ ओळींखाली तिसरी ओळ होती, ताजी, पांढरी, चढउतार करत गेलेली: 'डावीकडे उथळ आ'. एवढ्यात दगड संपला होता आणि शेवटची खूण कडेवरून वळून मागच्या बाजूला गेली होती. प्राणी एकामागून एक पुढे येत होते. वाचकराव होते, तितरीण होती, गव्यांचा म्होरक्या होता. प्रत्येकाचे ओठ हलत, प्रत्येक जण कडेपर्यंत पोचला की थबके आणि मग दगडाला वळसा घालून मागे जाई. तिथून, कधी जाड तर कधी बारीक आवाजात, एकेकाचं ऐकू येई, "हे."