माजी आमदाराचा शब्द

गेनू शेळकेच्या दहाव्याला माजी आमदार भास्करराव उगले गावासमोर, नदीच्या पलीकडच्या काठावर हजर होते. दर निवडणुकीला त्यांनी याच नदीवर पूल बांधायचा शब्द दिला होता. पूल नव्हता, म्हणून तापाने फणफणलेल्या गेनूला गावकऱ्यांनी खाटेवर घालून पाण्यातून दवाखान्याकडे नेलं. त्याने वाटेतच प्राण सोडला.

पिंड मांडला, पण कावळा शिवेना. गेनूची काहीतरी इच्छा राहिली होती. मुलांनी नाना वचनं दिली, तरी शिवेना. मग उगले पुढे झाले आणि सभेत बोलावं तसं बोलले, "गेनूभाऊ, तुझी इच्छा मला ठाऊक आहे. मला पुन्हा निवडून येऊ दे, पूल झालाच म्हणून समज!"

कावळे झाडावरून हलले नाहीत.

गेनूची बायको सरूबाई उठली. "सायेब, मागं व्हा. तुमच्या पुलाच्या भरवशावर राहिले, म्हणून तर ते आज हितं हायेत." मग पिंडाकडे वळून म्हणाली, "अवो, घोर करू नका. सायेब आता माजी हायेत, अन् माजीच राहतील. ह्यो माझा शब्द."

उगले मागे सरले, तसा कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

कुणीच हसलं नाही. सगळ्यांना त्याच पाण्यातून घरी जायचं होतं.