जसंच्या तसं

"आणि हा डबा मध्ये कशाला?" हळबेबुवांनी विचारलं.

"हा डॅक, बुवा. कंप्युटरमध्ये गाणं नसतं, नुसते आकडे असतात. हा त्यांचा परत आवाज करतो. पुढे ॲम्प्लिफायर, मग स्पीकर."

"कंप्युटरलाच स्पीकर जोडला तर?"

"वाजेल की. पण कंप्युटरला लुडबुड करायची भारी खोड. आवाज कमीजास्त करणार, ईमेल आली की मध्येच टुंग करणार. मी ते सगळं बंद करून टाकलंय. आता तो पदरचं काहीही घालत नाही. टेपवर होतं ते जसंच्या तसं."

"जसंच्या तसं…" बुवा म्हणाले, आणि आरामखुर्चीत मागे रेलले.

तन्मय सकाळपासून बुवांच्या कुरुंदवाडच्या घरात वायरी ओढत होता. लहानपणापासून तो त्यांच्याकडे शिकत होता. गळा उत्तम, मेहनत त्याहून उत्तम, आणि या दोन्ही गोष्टी त्याला स्वतःला फारच चांगल्या ठाऊक होत्या.

येत्या रविवारी सांगलीत त्याचं पहिलं जाहीर गाणं ठरत होतं. पण या घराची रीत अशी, की गुरूने हो म्हटल्याखेरीज चार लोकांत तोंड उघडायचं नाही. बुवा हो म्हणत नव्हते. नाहीही म्हणत नव्हते. पोराची झोप उडाली होती.

म्हणून हा थाट. बुवांच्या जुन्या टेपा त्याने कुठून कुठून मिळवून कंप्युटरवर घेतल्या होत्या. त्यात गुरुभक्ती होतीच. म्हातारा जरा विरघळेल ही आशाही होती, उगाच खोटं कशाला बोला.

त्याने गाणं लावलं.

खोलीत मारवा सुरू झाला. तानपुऱ्याच्या तारेवरून सरकणारं बोटसुद्धा ऐकू येत होतं. बुवा डोळे मिटून स्वतःला ऐकत राहिले. गाणं सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती.

बंदिश संपली.

"छान जोडलंयस," बुवा म्हणाले. "आता हीच तू म्हण."

तन्मय याचीच वाट बघत होता. तो मांडी ठोकून बसला आणि त्याने सुरुवात केली. तोच लगाव, तेच वजन. शेजारच्या खोलीत कुणी असतं तर त्याला वाटलं असतं, टेप पुन्हा लावली.

'नगर' हा शब्द आला. 'नग' म्हणून तो क्षणभर थांबला, आणि मग 'र'वर अलगद उतरला.

बुवांनी हात वर केला.

"तिथे का थांबलास?"

"ती तुमची जागा आहे, बुवा." तन्मय हसला. "शब्द अर्धा तोडून ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवायचं. याच गाण्याची जुनी कॅसेट आहे माझ्याकडे, तिच्यावर मी ती शेकडो वेळा घासली आहे. बाकी कुणाला साधत नाही."

"बरं… टेपवरची ती जागा परत लाव. आवाज चढव."

तन्मयने लावली. 'नग…'

आणि त्या थांबण्यात, कॅसेटवर नुसती शांतता होती तिथे, नव्या स्पीकरमधून छातीची घरघर ऐकू आली. श्वास न पुरलेल्या माणसाने धडपडत ओढलेला श्वास.

'…र.'

"परत लाव," बुवा म्हणाले.

त्याने परत लावली. पुन्हा तीच घरघर.

बुवांनी बंडीच्या खिशातून दम्याचा पंप काढला आणि त्या डब्याशेजारी ठेवला.

तन्मयला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी वर्षं जी जागा तो मिरवत होता, ती… त्याला बुवांकडे बघवेना. तो नुसता वायरीकडे बघत बसला.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं.

"चहा घेणार?" बुवांनी विचारलं.

"नको."

"घे रे. सकाळपासून राबतो आहेस."

बुवा स्वतः उठून आत गेले आणि दोन कप घेऊन आले. तन्मयने कप हातात धरला, पण प्यायला नाही. शेवटी धीर करून त्याने विचारलंच.

"बुवा… रविवारचं काय करू?"

बुवांनी बशीत चहा ओतला. फुंकर घातली. एक घोट घेतला.

"मी गाणं कधीच सोडलं रे," ते म्हणाले. "रविवारी मी कसा गाणार?"