कडू मुळी

त्या दिवशी वारा अगदी पडला होता आणि धुकं ओढ्यावरून हलायला तयार नव्हतं. माणूस अजून रानात यायचा होता, तेव्हाची ही गोष्ट. गव्याचं वासरू तापाने फणफणलं होतं.

त्या रानात साळिंदर कडू मुळ्या उकरून सगळ्यांना वाटायचं. ताप आला की मुळी, शिंक आली की मुळी, पाय मुरगळला तरी मुळीच. असं करता करता तापालाच मुळीची सवय झाली. वासराने कितीतरी मुळ्या चघळल्या, पण अंग काही निवेना.

ओढ्यापलीकडे अस्वलीण राहायची. नुसता श्वास हुंगून ती कुठला ताप कशाने उतरेल ते सांगायची. तिने हाक दिली, "गव्या, लेकराला आण इकडे. हाच ताप आमच्यातही शिरलाय. मिळून बघू."

गवा निघाला, तसे साळिंदराने काटे फुलवले. "आपली दुखणी परक्यांना हुंगवतोस? उद्या सगळं पलीकडचं रान हसेल आपल्याला. दे अजून एक मुळी!"

एवढा थोरला गवा, पण चारचौघांत वाईट व्हायला भ्याला. त्याने मुळी दिली.

दुपारी वासरू धड उभं राहीना, तेव्हा तो त्याला ढकलत ढकलत ओढ्यापार घेऊन गेला. अस्वलिणीने हुंगलं आणि मान खाली घातली. "हा ताप मुळीला जुमानत नाही रे. आमच्याकडच्या एका झाडाच्या सालीने उतरला असता. सकाळीच आणायचंस."

गवा एकटाच परतला. वाटेत शेजारची रानडुकरीण भेटली. ती म्हणाली, "फार वाईट झालं हो, गवादादा. पण एखादी मुळी उरली असेल तर द्या ना. आमचं धाकटं सकाळपासून शिंकतंय."