शिंप्याच्या घरातला दोर

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या नदीचं नावही आता कुणाला आठवत नाही. दोन उभ्या कड्यांच्या मधून ती वाहायची आणि तिच्या काठी एक लहानसं गाव होतं. जमीन कसदार, मासळी मुबलक, पण नदी मोठी लबाड. पाऊस पडायचा दूर डोंगरात आणि पाण्याचा लोंढा यायचा गावात, तोही कधीकधी लख्ख उन्हात. टेकडीवरचा राखणदार शिंग फुंकायचा. शिंग वाजल्यापासून पाणी येईपर्यंत चार भाकरी भाजून व्हाव्यात एवढाच वेळ मिळे.

पळायला वाट नव्हती. होती ती एकच, आणि तीही नदीच्याच काठानं जायची. म्हणून कड्यावरून दोर सोडलेले असत. म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना झोळीत बसवून वर ओढून घेत. बाकी ज्यानं त्यानं आपल्या हातांनी चढायचं आणि लहान पोरांना पाठीवर घ्यायचं.

याची सवय राहावी म्हणून त्या गावात घरोघरी आढ्याला एक दोर टांगलेला असे. त्याखालची चटईभर जागा रिकामी ठेवायची. रोज सकाळी, जमिनीला पाय न लावता, पाच वेळा त्या दोरानं वरखाली व्हायचं आणि मगच न्याहारी करायची.

गावात भिवबा नावाचा शिंपी होता. त्याच्या घरात न्याहारी आधी व्हायची. दोराचं उद्यावर जायचं.

भिवबा माणूस वाईट नव्हता. बायको देवाघरी गेलेली, पाच वर्षांची सगुणा एवढंच त्याचं जग. पण दिवसभर बैठं काम आणि घरात कापडाची गाठोडी. आधी एक गाठोडं दोराखाली सरकलं, मग दुसरं. पुढे त्यानं दोराला आडवी काठी बांधून त्याची चक्क वलणी केली आणि शिवलेले अंगरखे त्यावर टांगले. "लग्नसराई संपू दे, मग जागा करतो," असं तो स्वतःलाच सांगायचा. आपणही सांगतोच की!

दर वर्षी पावसाळ्याआधी मथाई घरोघर फिरून दोर तपासायची. ती गावातली सगळ्यात म्हातारी बाई. डोळ्यांनी तिला दिसत नसे, म्हणून ती हातानं चाचपायची. रोज हात लागलेला दोर गुळगुळीत होतो, टांगून ठेवलेला खरखरीत राहतो.

भिवबाला हे ठाऊक होतं. मथाई यायला आठ दिवस होते तेव्हा त्यानं गाठोडी माळ्यावर टाकली, काठी सोडली आणि फडक्यावर तेल घेऊन दोर घासायला बसला. रोज पहाटे घटकाभर, घाम येईपर्यंत. जिथवर उभ्यानं हात पोचत होता तिथवरचा दोर त्यानं लोण्यासारखा मऊ केला.

मथाई आली. तिनं दोरावरून हात फिरवला. तिचाही हात तिथवरच पोचत होता.

"छान आहे रे दोर. मग यंदा पोर तुझ्याच पाठीवर ना? का शेजारच्या रखमाजीला सांगू? त्याला जड नाही."

खरं सांगायची वेळ हीच होती. पण सगुणा दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती.

"माझ्याच पाठीवर, मथाई," तो म्हणाला.

सगुणानं टाळ्या पिटल्या आणि ही बातमी ती गल्लीभर सांगून आली. इकडे भिवबानं दार लावून दोर धरला. दोन हात वर गेला आणि धपकन खाली आला. त्या दिवसापासून त्याला शांत झोप नाही. कुठे भांडं पडलं तरी छातीत धस्स व्हायचं. उद्यापासून नक्की, असं तो म्हणायचा, आणि उद्या कुणीतरी नवं कापड घेऊन दारात यायचं.

मग एका दुपारी, स्वच्छ ऊन पडलेलं असताना, शिंग वाजलं.

भिवबानं हातातली सुई तशीच टाकली, सगुणाला पाठीवर घेतलं आणि कड्याकडे धावला. झोळ्या वर निघाल्या होत्या. रखमाजी आपल्या पोराला पाठीशी बांधून भराभर चढत गेला. भिवबानं दोर धरला. एक हात, दोन हात, आणि तिथे त्याचे दंड भरून आले. बोटं उघडायला लागली. खालून पाण्याचा घोंगावणारा आवाज जवळ येत होता.

"बाबा, तुम्ही थरथरताय," सगुणा कानाशी म्हणाली.

"भिवबा, पायानं दोर आवळ!" वरून लोक ओरडले. पण पायात त्राण कुठे होतं? हात सुटले. दोघं खाली आले ते गुडघाभर पाण्यात. क्षणात ते पाणी कमरेला लागलं. भिवबानं डोक्याचं पागोटं सोडलं, पोरीला दोराच्या टोकाला करकचून बांधलं आणि सगळा जीव एकवटून ओरडला, "ओढा!"

"बाबा, आणि तुम्ही?"

"मी आलोच मागनं."

पोर वर पोचली. लोकांनी दोर पुन्हा खाली सोडला, तेव्हा खाली भिवबा नव्हता.

ऊन कलताना पाणी ओसरलं. गावाबाहेर करंजाच्या झाडात तो अडकलेला सापडला, जिवंत, पण उजवा खांदा निखळलेला. मथाई त्याच्या उशाशी बसली. ती रागावली नाही, आणि त्याचंच त्याला जास्त लागलं.

"त्या दिवशी नाही म्हणाला असतास, तर पोर रखमाजीबरोबर कधीच वर गेली असती," ती म्हणाली. "आणि आठ दिवस दोर घासलास, सगुणा सांगत होती. तेवढा वेळ त्यावर चढला असतास तर?"

भिवबाचा तो हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. सुई धरता येई, दोर नाही. पुढच्या पावसाळ्यापासून तो स्वतः म्हाताऱ्यांच्या झोळीत बसू लागला.

आता त्याच्या घरात दोराखाली एक चिंधीसुद्धा नसते. सगुणा आठ वर्षांची झाली आहे. रोज सकाळी ती दोरानं वर चढते, आणि तिचा हात सुटेल या धास्तीनं भिवबा खाली गोधडी अंथरून, श्वास रोखून उभा राहतो.

"बाबा, मोजताय ना?" ती आढ्याजवळून विचारते.

"मोजतोय गं," तो म्हणतो. "तीन झाले. अजून दोन."

तात्पर्य: शरीराच्या मेहनतीसाठी रोज घरात थोडी जागा आणि थोडा वेळ काढावा, संकट आल्यावर या दोन्ही गोष्टी मिळत नाहीत.