शालींचा पूर

शपथेवर सांगतो, ही गोष्ट अगदी खरी आहे. मी माझ्या या डोळ्यांनी पाहिली. आता ती घडली तेव्हा माझ्या खापरपणजोबांचाही पत्ता नव्हता, हे कबूल. पण म्हणून काय झालं?

फार फार पूर्वी एक राज्य होतं. किनारा, पठार, रान आणि डोंगर असे चार मुलूख, चार भाषा, आणि मधोमध राजधानी. दरबार मात्र पठाराच्याच भाषेत चाले. बाकीच्यांसाठी दुभाषे होते. डोंगराचा दुभाषा म्हातारा होऊन वारला आणि त्याची जागा भरायची राहून गेली.

चारही मुलखांतले तलाव राजाचे. त्याच्या हुकमाशिवाय बांधाला कुणी दगडसुद्धा लावायचा नाही, असा कायदा होता.

डोंगरातल्या एका तलावाच्या बांधाला भेग पडली. खालीच गाव होतं. गावाने आपल्यातला एक म्हातारा राजधानीला धाडला.

म्हातारा दरबारात उभा राहिला. बांध फुटतोय, गवंडी पाठवा, असं त्याने आपल्या भाषेत सांगितलं. कुणालाच कळेना. मग त्याने दोन्ही हात जोडून भिंत केली, झटक्यात फाकवली आणि बोटं लाटांसारखी नाचवत खाली आणली.

दरबाराने टाळ्या वाजवल्या.

"काय म्हणतो हा?" राजाने विचारलं.

"आशीर्वाद देतोय, महाराज," प्रधान म्हणाला. "डोंगरातली माणसं फार प्रेमळ."

"पण त्याला हवंय काय?"

"एवढ्या लांबून येणाऱ्याला काय हवं असणार? मान!"

म्हाताऱ्याच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला.

घरी म्हातारीने विचारलं, "ऐकलं का त्यांनी?"

"शाल दिली."

"म्हणजे नाही ऐकलं," ती म्हणाली आणि शालीची घडी घालून तिने ती पेटाऱ्यात ठेवली.

भेग रुंदावत गेली, म्हातारा जात राहिला. धर्मशाळेत किनाऱ्याची माणसं आपल्या भाषेत भांडत, रानातली आपल्या भाषेत हसत. हा कोपऱ्यात नारळाशी बोलत बसे. नारळ निदान मधेच टाळ्या तरी वाजवत नसे. दरबारात आता त्याला राखीव आसन होतं, तेही पहिल्या रांगेत. दर खेपेला शाल अधिक भरजरी. पेटारा भरून गेला.

एका दुपारी तो नवी शाल पांघरून डोंगर चढत होता, तोच वरून आवाज आला. तो पोचला तेव्हा गाव नव्हतं. म्हातारी नव्हती.

पेटाराही वाहून गेला. खाली राजवाड्याच्या पायऱ्यांना शाली येऊन लागल्या, एकामागून एक, चिखलाने माखलेल्या, जरीकाठाच्या. राजाने एक उचलली. ती त्यानेच दिलेली होती. या वेळी प्रधानाने अर्थ सांगितला नाही, आणि राजाने विचारला नाही.

राजा एकटाच डोंगर चढून गेला. म्हातारा रिकाम्या तलावाच्या काठी बसला होता. राजा पुष्कळ बोलला, रडला, क्षमा मागितली, सगळं पठाराच्या भाषेत. म्हाताऱ्याला त्यातलं अक्षर कळलं नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग उठून आपल्या खांद्यावरची शाल काढली आणि राजाच्या खांद्यावर घातली.

तेव्हा कुठे राजाला कळलं.

पुढे कायदे बदलले. ज्या मुलखातला तलाव, त्याच मुलखाच्या हाती बांध, असं ठरलं. दरबार पाळीपाळीने चारही मुलखांत बसू लागला, जिथे बसेल तिथल्या भाषेत. दुभाषा लागलाच, तर तो राजाला लागे. आणि आलेल्या माणसाचं म्हणणं त्याच्याच भाषेत त्याला परत सांगता आल्याशिवाय कुणालाही शाल घालायची नाही, असा दंडक झाला.

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, बोध एवढाच: ज्याचं ऐकून घेतलं नाही, त्याला दिलेला मान त्याला आणखी एकटं करतो.

आता शपथ घेतलीच आहे, तर सांगून टाकतो. शाली पायऱ्यांना लागल्या, इथपर्यंतची गोष्ट खरी. राजा डोंगर चढून गेला, तिथून पुढचं मी रचलं. म्हातारा तिथे एकटाच बसला होता. त्याच्याकडे कुणीतरी जावं, असं मला वाटलं.