ठकूबाईचं पान

टच्... टच्... पळसाच्या पानातून काडी गेली की असा आवाज होतो. भिवाअप्पांच्या पडवीत बसून तो मी कितीतरी दुपारी ऐकला. अप्पा आता नाहीत. आवाज कानात राहिला आहे.

तो मध्येच थांबला, अशी एकच दुपार मला आठवते.

"चारच? दरवर्षी पाच नेतोस ना रे?" अप्पांनी विचारलं.

पितर जेवू घालायची अमावास्या दोन दिवसांवर होती. अंकुशराव रणदिवे पत्रावळ्या न्यायला आले होते. तालुक्यात नावाजलेले वकील. पण काही अडलं की लहानपणापासून अप्पांच्याच पायरीशी यायचे.

"चारच द्या. पणजोबांचं पान यंदापासून बंद."

"का? पोट भरलं त्यांचं?"

अंकुशराव हसले नाहीत. वर्षभर ते घराण्याची वंशावळ जुळवत होते. छापून सगळ्या भाऊबंदांत वाटायची होती.

"जुन्या दप्तरात त्यांचा जबाब सापडला, अप्पा. प्लेगचं साल. थोरला भाऊ गेला. तिसऱ्या दिवशी यांनी भावजयीला घराबाहेर काढलं. उपाशी. शिवेवरच्या बाभळीखाली मेली ती. जबाबाखाली यांचा अंगठा आहे."

अप्पा पानं टाचत राहिले. टच्... टच्...

"आणि माझ्या नातवाला मी त्यांचंच नाव ठेवलंय. हणमंत. मोठ्या हौसेनं. आठ दिवस झाले, त्याला हाक मारवत नाही मला."

"पोरगं काय म्हणतं?"

"विचारतं... आजोबा, माझं काय चुकलं?"

अप्पांचा हात थांबला.



"त्या बाईचं नाव काय?"

"वंशावळीत बायकांची नावं नसतात, अप्पा."

"जबाबात असेल की."

अंकुशरावांनी मान खाली घातली. "...ठकूबाई."

"ठकूबाई," अप्पा म्हणाले. जणू ती दारातच उभी असावी, इतक्या हळू. "हिचं पान कुठं मांडता तुम्ही?"

 

अप्पांनी ढिगातली पानं उलटीपालटी केली. चांगली रुंद, कोवळी पानं वेचली. टच्... टच्... घाई अशी त्यांना कधीच नसे. पत्रावळ झाली तशी ती त्यांनी दरवर्षीसारख्या तयार ठेवलेल्या पाचांच्या गठ्ठ्यावर ठेवली आणि गठ्ठा पुढं सरकवला.

"मी चार मागितल्या होत्या, अप्पा."

"कान शाबूत आहेत माझे."

"त्या माणसाला तिच्या पंगतीला बसवू? तिच्यासमोर?"

अप्पांनी मांडीवरचा पाचोळा झटकला.

"आधी तिला वाढ. तिचं पोटभर होऊ दे. तोवर त्याला थांबव... मग त्यालाही वाढ. घरातून उपाशी घालवणारा तुमच्यात एक झाला, तेवढा पुरे."

अंकुशराव उठले. सहाही पत्रावळ्या त्यांनी उचलल्या, छातीशी धरल्या आणि पायऱ्या उतरून गेले.