आधी कोणतं इंजेक्शन

"पाठीतून काढलेल्या पाण्यात एक जंतू उरला नाही, सर. मग पोरगी बरी नाही असं कसं म्हणता?"

डॉ. पुष्कर घैसास जरा चढ्याच आवाजात बोलला. मेंदूज्वराची ही त्याने एकट्याने सांभाळलेली पहिली पेशंट. बेशुद्ध आलेली चार वर्षांची वेणू आज खाटेवर बसून मोसंबी सोलत होती. डॉक्टरस्वारीची छाती फुगली होती, आणि का फुगू नये?

काझी सर वेणूकडे निरखून बघत होते. तीस वर्षं या वॉर्डात शिकवत होते, पण बोलायची घाई त्यांना कधीच नसे.

"हाकेला ओ देत न्हाय ती," वेणूची आई कांता म्हणाली.

"आजारपणानं हट्टी झालीय. सांगितलं ना तुम्हाला?"

"माझी पोर हट्टी न्हाय, डाक्टर. तीनदा सांगितलं, तीनदा तुमी हसला." कांता जागची हलली नाही.

सरांनी रिकामं स्टीलचं ताट उचललं, वेणूच्या पाठीमागे गेले आणि ते हातातून सोडून दिलं.

अख्खा वॉर्ड दचकला. वेणू मोसंबी सोलत राहिली.

सर पुष्करला व्हरांड्यात घेऊन गेले.

"सूज आवरायचं इंजेक्शन कधी दिलंस?"

"घाई होती, सर... आधी जंतू मारायचं दिलं. सुजेचं चार तासांनी."

"जंतू मरताना फुटतात. त्यांचं विष सांडतं आणि त्यावर आपलंच शरीर तुटून पडतं. कवटी हाडाची, सुजेला पसरायला जागा कुठली? मेंदूचं रक्त अडतं. तीच सूज आतल्या कानात उतरते. म्हणून सुजेला आधी आवरायचं."

"आधी दिलं असतं तर ऐकू आलं असतं?"

"कदाचित..."

"पण जीव वाचवला ना मी!" पुष्कर उसळला. त्याला रडू येत होतं आणि त्याचाच जास्त राग येत होता.

"वाचवलास. पण आतला कान काही आठवड्यांत हाडासारखा घट्ट होऊ शकतो. मग ऐकायचं यंत्रही आत बसवता येणार नाही. आजच मोठ्या हॉस्पिटलात पाठव. त्याआधी आईला सांग. सगळं."

कांता दारात येऊन उभी होती. नजर खाली घालायला ती तयार नव्हती.

"तिनं मला माफ नाही केलं तर?" पुष्करने हळूच विचारलं.

"तरीही सगळं सांगितलंस... तर तू डॉक्टर होशील."